व्याही घरात आणि चेक परत: नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बँकेत चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. आता आठवड्यातून दोन दिवस आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळींच्या बँकेच्या कागदांत लक्ष घालतो. हयातीचा दाखला, वारस नोंद, केवायसी, अशी कामं. हे प्रकरण त्यातूनच हाती आलं. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखा आणि बँकेतल्या कामाचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण सगळं त्या क्रमावरच अडलं होतं.

काका ७३ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त. काकू ६८ च्या. इंदिरानगरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर. मुलगी आणि जावई कॅनडात. २०२५ च्या फेब्रुवारीत ते दीड वर्षाच्या मुलाला घेऊन यायचे होते आणि त्यांच्याबरोबर जावयाचे आईवडील इंदूरहून. व्याही-विहीण लग्नानंतर पहिल्यांदाच या घरी येणार होते. रविवारी, २३ तारखेला नातवाचं जावळ, त्याचं जवळच्या हॉलवर सव्वाशे माणसांचं जेवण. एक दिवस येवला, एक दिवस त्र्यंबकेश्वर. घरात जागा पुरणार नाही म्हणून जवळच्या लॉजवर दोन खोल्या.

काकांनी या सगळ्याचा खर्च वहीत मांडून ठेवला होता. ती वही मी पाहिली आहे. विहीणबाईंच्या पैठणीपासून ड्रायव्हरच्या जेवणापर्यंत सगळं त्यात होतं. पैशाची सोयही होती. एका नागरी सहकारी बँकेतली मुदत ठेव १७ फेब्रुवारीला पिकत होती आणि व्याजासकट ३,१२,००० रुपये हाती यायचे होते. रोजचं खातं मात्र दुसऱ्या, राष्ट्रीयीकृत बँकेत होतं. डेबिट कार्ड तिथलं, यूपीआय तिथलं, आणि त्या खात्यात होते फक्त २१,४०० रुपये.

अडचण कशी वाढत गेली

मंगळवारी, १८ तारखेला काका सहकारी बँकेत गेले. ठेवीची रक्कम तिथल्याच बचत खात्यात जमा झाली. तिथल्या माणसाने विचारलं, "आरटीजीएस करायचं का?" म्हणजे मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट पाठवायची सोय. फॉर्म मोठा, समोरच्या खात्याचा नंबर आणि शाखेचा आयएफएससी कोड दोनदा लिहायचा, चष्मा घरी राहिलेला. काका म्हणाले, "नको, मी आपला चेकच टाकतो." त्यांनी स्वतःच्याच नावाने २,५०,००० चा चेक लिहिला आणि रिक्षाने राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन पेटीत टाकला. तेव्हा सव्वातीन वाजले होते. त्या शाखेत पेटी अडीच वाजता उघडून चेक क्लिअरिंगला, म्हणजे वटवण्यासाठी समोरच्या बँकेकडे पाठवतात. पेटीवर तसा कागद चिकटवलेला आहे, पण तो उन्हाने इतका फिका पडलाय की मलाही जवळ जाऊन वाचावा लागला.

म्हणजे चेक बुधवारी जायला हवा होता. पण बुधवारी १९ तारीख, शिवजयंतीची सुट्टी. तो गेला गुरुवारी, २० तारखेला.

गुरुवारी दुपारी पाहुणे आले. मुलीने बाबांसाठी नवीन फोन आणला होता. रात्री जेवणं झाल्यावर साडेनऊच्या सुमारास तिने हौसेने जुन्या फोनातलं सिम नव्यात घातलं, बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय नव्याने सुरू करून दिलं. अ‍ॅप उघडलं तर वर मोठ्या अक्षरात २,७१,४००. "बाबा, पैसे आले," ती म्हणाली. काकाही निर्धास्त झोपले. त्या आकड्याखाली बारीक अक्षरात दुसरा आकडा होता, वापरण्याजोगी शिल्लक २१,४००. तो कोणी पाहिला नाही.

इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. चेक क्लिअरिंगला गेला की बँक ती रक्कम खात्यावर दाखवते, पण ती नुसती नोंद असते. ज्या बँकेवर चेक काढलाय तिने "वटला" म्हणेपर्यंत ते पैसे काढता येत नाहीत, कार्डाने खर्चता येत नाहीत. पासबुकात दोन्ही एकाच रांगेत दिसतात. काउंटरच्या आत बसणाऱ्याला हा फरक इतका अंगवळणी पडलेला असतो की बाहेरच्याला तो सांगावा लागतो हेच लक्षात येत नाही. मीही वर्षानुवर्षं सांगितला नव्हता.

शुक्रवारी सकाळी दोन गाड्या करून सगळे येवल्याला निघाले. निफाड, विंचूर करत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. द्राक्षांचे दिवस, रस्त्याच्या कडेला क्रेट भरलेले टेम्पो, नातू खिडकीला चिकटलेला. दुकानात गादीवर बसून विहीणबाईंनी संकोचत एक मोरपंखी पैठणी बाजूला ठेवली. काकूंनी ती त्यांच्या खांद्यावर टाकून पाहिली. ३४,००० रुपये. काकांनी कार्ड पुढे केलं.

स्वाइप मशीनने नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. दुकानदार म्हणाला, "नेटवर्कचा लोचा असेल, दुसरं मशीन घेतो." दुसऱ्या मशीनची बटणं लहान आणि घासलेली. काकांच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे, आणि आता तर पाच जण बघत होते. पिन चुकला. परत चुकला. तिसऱ्यांदा चुकला आणि त्यांच्या बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड त्या दिवसापुरतं बंद झालं. यूपीआय करून पाहिलं, तर नव्या फोनवर पहिले चोवीस तास ५,००० च्या वर रक्कम जात नव्हती.

जावई पुढे झाला. त्याचं कॅनडातलं क्रेडिट कार्ड त्या मशीनने घेतलंच नाही. शेवटी व्याह्यांनी काही न बोलता फोन काढला, दुकानदाराचा कोड स्कॅन केला आणि ३४,००० भरले.

विहीणबाईंना मानाची म्हणून द्यायची साडी त्यांच्याच नवऱ्याने विकत घेतली होती. परतीच्या दोन तासांत काका एक शब्द बोलले नाहीत, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. "गाडीत एसी असून त्यांच्या कपाळावर घाम होता हो."

चार चाळीसला मेसेज आला. चेक परत. कारण: सही जुळत नाही.

शुक्रवार संध्याकाळ: समोर कोणते मार्ग होते

संध्याकाळी सात वाजता काकांचा फोन आला. "साहेब, माझेच पैसे, माझाच चेक, माझीच सही. आणि बँक म्हणते जुळत नाही." आवाज कापत होता. मी तसाच चप्पल घालून त्यांच्याकडे गेलो.

शनिवार २२ तारीख म्हणजे चौथा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सगळ्या बँका बंद असतात. रविवार तर बंदच. सहकारी बँकेतले तीन लाख सोमवारी सकाळपर्यंत हलणार नव्हते, आणि रविवारी दुपारी सव्वाशे माणसं जेवायला येणार होती.

मी पोचलो तेव्हा काकूंनी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. सोनेतारण कर्ज देणारी कार्यालयं शनिवारी उघडी असतात, हे त्यांना शेजारणीकडून कळलं होतं. काका म्हणत होते, "पतपेढीवाल्या मित्राकडून हातउसने घेतो." मुलगी दारात उभी राहून म्हणत होती, "बाबा, माझं इथलं खातं आहे, मी आत्ता पाठवते." काका तिच्याकडे बघत नव्हते. "मुलीच्या पैशाने तिच्या सासरच्यांचा पाहुणचार करू?"

मी कोणालाही हो-नाही म्हटलं नाही. आधी वही मागितली आणि कार्डाच्या स्लिपा मागितल्या. स्लिपा फेकल्या असतील असं मला वाटलं होतं. काकूंनी पर्समधून चारही काढून दिल्या, घडी घालून ठेवलेल्या. पहिल्या दोनवर ५१ हा कोड होता, म्हणजे शिल्लक अपुरी. पुढच्या दोनवर ५५, म्हणजे पिन चुकला. पाचव्या वेळी मशीनने स्लिपच काढली नव्हती. काका दिवसभर "कार्ड खराब झालं, मशीन खराब होतं" म्हणत होते. प्रत्यक्षात कार्डही ठीक होतं, मशीनही. पहिल्याच स्लिपने दुपारी साडेबाराला सांगितलं होतं की पैसे आलेले नाहीत.

मग आम्ही वहीतून फक्त सोमवार दुपारपर्यंतचा खर्च वेगळा काढला. याला वीस मिनिटं लागली आणि सगळ्यात उपयोगी तीच ठरली. जेवणाचे उरलेले ३२,०००. लॉजला आगाऊ द्यायचे १२,०००. गाड्यांचे ९,०००. किरकोळ तीनेक हजार. एकूण ५६,०००. काकांच्या मनात मात्र अडीच लाखांचा खड्डा पडलेला होता.

काकांच्या खात्यात २१,४०० होतेच. "आणि काकू, तुमच्या नावाने काही?" मी विचारलं. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. काकू हळूच म्हणाल्या, "माझं आहे की. विम्याचे आले होते ते." वेगळ्या बँकेत, त्यांच्या एकटीच्या नावाने, ५८,०००. कार्ड कपाटात साड्यांखाली, बँकेच्या लिफाफ्यात, न उघडलेलं. काकांच्या वहीत त्या खात्याचा उल्लेखच नव्हता. काकूंनी लपवलं होतं असं नाही. घरखर्चाचा विचार करताना ते खातं कोणाच्या डोक्यात येतच नव्हतं.

दोन्ही मिळून ७९,४००. गरज ५६,०००. म्हणजे घरात पैसे पुरेसे होते. ते बाहेर काढायची वाट तेवढी शोधायची होती.

इतर मार्गांचाही विचार केला, तोही सांगतो. राष्ट्रीयीकृत बँकेत काकांची आणखी एक ठेव होती. ती ऑनलाइन काढलेली असती तर रात्री बसल्या जागी मोडता आली असती, पण ती कागदी पावतीची होती, शाखेशिवाय काम नव्हतं. सोनेतारण पैशाच्या दृष्टीने वाईट नव्हतं, तीन दिवसांचं व्याज फार झालं नसतं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून ते शेवटचं ठेवावं असं मला वाटलं. मुलीचे पैसे हा सगळ्यात सोपा मार्ग होता. तो काकांना नको होता, आणि घर त्यांचं, मान त्यांचा. मी आग्रह केला नाही. ते बरोबर केलं का, याबद्दल मी अजून पक्का नाही. मुलगी त्या रात्री फार हिरमुसली होती.

काय केलं

शुक्रवारी रात्रीच केटररला फोन लावला. काका बोलायला तयार नव्हते. मी म्हटलं, फोन तुम्हीच करा, मी बाजूला बसतो. "चेक अडकलाय, रविवारी निम्मे देतो, निम्मे सोमवारी बँकेतून," इतकंच. पलीकडून उत्तर आलं, "काका, जेवण होऊ द्या, पैसे कुठे पळतात?" काकांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

शनिवारी सकाळी काकूंना घेऊन त्यांच्या बँकेच्या एटीएमवर गेलो. नव्या कार्डाचा पिन एटीएमवरच तयार करता येतो. मशीनमध्ये कार्ड घालायचं, पिन बनवा हा पर्याय निवडायचा, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. नंबर त्यांच्या जुन्या साध्या फोनचा होता आणि सुदैवाने तो चालू होता. नवीन कार्ड देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मात्र आपण सुरू करेपर्यंत बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम २०२० च्या ऑक्टोबरपासून आहे. आम्हाला जे हवं होतं ते चालू होतं. काकूंनी चार आकडे दाबले, मशीनने "पिन तयार झाला" दाखवलं, आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं? एवढंच?"

मग दहा हजार काढायला गेलो. मशीन घरघरलं, पैसे मोजल्याचा आवाज आला, नोटा आल्या नाहीत. फोनवर मेसेज, दहा हजार वजा. काकूंचा हात परत कार्डाकडे गेला. मी थांबवलं. त्याच मशीनवर पुन्हा प्रयत्न करायचा नाही. वेळ लिहून घेतली, मशीनवरचा क्रमांक लिहून घेतला, बँकेच्या नंबरवर तक्रार करून तिचा क्रमांक घेतला. पैसे कापले गेले आणि नोटा आल्या नाहीत तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत करायचे असतात. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. २०१९ च्या सप्टेंबरमधलं परिपत्रक आहे. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग येतील ना?" येतील म्हटलं.

पुढच्या चौकातल्या दुसऱ्या एटीएमवर दहा हजार मिळाले. काकूंच्या कार्डाची एटीएमची रोजची मर्यादा २०,०००, आणि न आलेले दहा हजारही तिच्यात धरले गेले होते, त्यामुळे त्या दिवशी आणखी रोख निघेना. पण दुकानात स्वाइप करायची मर्यादा वेगळी असते, बहुतेक वेळा जास्त. लॉजचे १२,००० काकूंनी स्वतः कार्ड घालून भरले.

तिथेच आणखी एक उलगडा झाला. लॉजच्या मशीनवर जावयाने सहज आपलं कार्ड घालून पाहिलं आणि ते लगेच चाललं. येवल्याच्या दुकानातलं मशीन परदेशी कार्डांसाठी सुरूच केलेलं नव्हतं. असे कितीतरी दुकानदार आहेत. त्यांना परदेशी कार्ड रोज लागत नाही, आणि ती सोय बँकेकडून वेगळी सुरू करून घ्यावी लागते. जावई दोन दिवस कॅनडातल्या बँकेला मेल लिहीत बसला होता.

शुक्रवारी रात्री साडेनऊनंतर काकांची यूपीआयची अडवणूक संपली होती. रविवारी केटररला त्यांनी १६,००० यूपीआयने दिले, गाड्यांचे काकूंच्या रोख पैशातून गेले. जावळ झालं. नातू रडला, मामाच्या मांडीवर शांत झाला, जेवणात मठ्ठा कमी पडला. बँकेची आठवण त्या दुपारी कोणाला नव्हती.

सोमवारी दहाच्या ठोक्याला आम्ही सहकारी बँकेत. शाखाधिकाऱ्यांनी २००९ ची नमुना सही, म्हणजे ताडून पाहायला बँकेकडे ठेवलेली सही, काढून दाखवली. ठसठशीत, एका झटक्यात केलेली, शेवटी लांब फराटा. शेजारी परत आलेल्या चेकवरची सही. अक्षरं तीच, पण प्रत्येक रेघ थरथरलेली आणि फराटा अर्ध्यात सोडलेला. काका कितीतरी वेळ दोन्ही बघत राहिले. "ही माझीच होय," ते जुन्या सहीकडे बोट करून म्हणाले.

गेल्या आठवड्यात पिकलेली ठेव काढताना याच थरथरत्या सहीवर याच शाखेने तीन लाख खात्यात टाकले होते, कारण माणूस समोर बसला होता. चेक क्लिअरिंगमधून आला तेव्हा पडद्यावर फक्त प्रतिमा होती. तिथल्या कारकुनाने जे केलं ते नियमाने बरोबर होतं. मीही नोकरीत असे चेक परत केले आहेत. पण खातेदार ७३ वर्षांचा, वीस वर्षांचा ओळखीचा, चेक त्याच्याच नावाने त्याच्याच दुसऱ्या खात्यात चाललेला. परत करण्याआधी एक फोन करता आला असता. पूर्वी शाखांमध्ये तो केला जायचा. तो फोन जायला हवा होता, हे मी शाखाधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

नवीन नमुना सही घेतली. आरटीजीएसचा फॉर्म मी भरला, काकांनी शाखाधिकाऱ्यांसमोर सही केली. ११ वाजून ४० मिनिटांनी रक्कम निघाली आणि बाराच्या सुमारास दुसऱ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसली. या वेळी काकांनी आधी खालचा बारीक आकडा वाचला.

निष्पत्ती

केटररचे उरलेले पैसे सोमवारी दुपारी गेले. एटीएममधले दहा हजार त्याच दिवशी संध्याकाळी काकूंच्या खात्यात आपोआप परत आले. चेक परत आल्याबद्दल दोन्ही बँकांनी शुल्क लावलं होतं. सहकारी बँकेने लेखी अर्जावर आपलं परत केलं, दुसऱ्या बँकेने नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हे काकांना सांगितलं. त्यांना ती वाढवायची नव्हती.

राहिले पैठणीचे ३४,०००. बुधवारी महाशिवरात्र, त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून सगळे मंगळवारीच दर्शनाला गेले. वाटेत चहाला थांबले तेव्हा काकांनी व्याह्यांच्या हातात पाकीट दिलं. नको, नको अशी ओढाताण होईल म्हणून काकू धास्तावल्या होत्या. व्याह्यांनी पाकीट न मोजता आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "साडी तुमच्याकडचीच आहे, व्याहीबुवा. मी फक्त त्या दिवशी पुढे केले."

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिल्यांदा मी काकांना म्हणालो होतो की चूक शुक्रवारी झाली, स्लिप वाचली असती तर वेळ होता. नंतर घड्याळ लावून पाहिलं तेव्हा माझंच म्हणणं चुकीचं निघालं. येवल्यात साडेबारा, नाशिकला परत यायला तीन, तोवर काउंटर बंद होण्याची वेळ. स्लिप वाचली असती तर तीन चुकीचे पिन टळले असते आणि कार्ड बंद झालं नसतं, एवढंच.

खरी मोकळी वेळ गुरुवार सकाळची होती. पाहुणे दुपारी येणार होते, दोन्ही बँका उघड्या होत्या. चेक लिहूनही सहकारी बँकेत काकांचे ६२,००० शिल्लक होते. सोमवारपर्यंतचा सगळा खर्च त्यात भागला असता. सुट्ट्यांच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी थोडी रोख काढून ठेवणं, आमच्या आईवडिलांच्या पिढीत हे न सांगता होत असे. कार्ड आलं आणि ती सवय गेली.

त्याआधीची जागा मंगळवारची. दोन लाख आणि त्यावरच्या रकमेसाठी आरटीजीएस आहे, आणि २०२० च्या डिसेंबरपासून ते चोवीस तास चालतं, सुट्टीच्या दिवशीही. पण शाखेतून कागदी फॉर्मवर करायचं तर शाखा उघडी लागते, आणि काकांकडे त्या बँकेचं नेट बँकिंग नव्हतं. एका फॉर्मच्या कंटाळ्याने सहा दिवस गेले. ठेव ठेवतानाच "मुदत संपल्यावर रक्कम अमुक बँकेच्या अमुक खात्यात पाठवा" असं लिहून देता येतं का, हे विचारायला हवं. बऱ्याच बँकांत देता येतं.

गुरुवारी रात्री फोन बदलणं. मुलीच्या मनात प्रेमच होतं, तिला दोष देता येत नाही. पण घरात कार्य असताना सिम, फोन, पिन यांतलं काही बदलू नये. बदललं तर चोवीस तास हात बांधलेले राहतील असं धरून चालावं.

सहीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या वयात घरोघरी आहे. हात कापायला लागला की सही बदलते, आणि ती बदलली हे आपल्याला शेवटी कळतं. मोठ्या चेकची माहिती बँकेला आधी देण्याची पॉझिटिव्ह पे ही सोय ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी आहे. पण तीत चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम ताडून पाहतात, सहीला तिचा उपयोग नाही. सहीसाठी दोनच गोष्टी कामाला येतात. दर दोन-तीन वर्षांनी शाखेत जाऊन नमुना सही नवीन देणं, आणि खातं दोघांच्या नावाने, कोणीही एक किंवा हयात असलेला अशा पद्धतीने ठेवणं, म्हणजे एकाचा हात थांबला तरी दुसऱ्याचा चालतो. सही अजिबात जमेनाशी झाली तर अंगठ्यानेही पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे ऐकून काका चिडले, "मी अंगठेबहाद्दर नाही." मी विषय तिथेच सोडला.

हेच आज घडलं असतं तर? ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची पद्धत बदलली आहे. दिवसातल्या ठरलेल्या वेळात चेक सतत पुढे जात राहतात आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगावं लागतं. सांगितलं नाही तर चेक मान्य धरला जातो. काकांचा चेक पेटीत उशिरा पडला, मध्ये सुट्टी आली, म्हणजे तो गुरुवारीच गेला असता आणि सही जुळली नाही म्हणून परतही आला असता. पण ते गुरुवारी संध्याकाळी कळलं असतं. शुक्रवारचा पूर्ण दिवस हातात राहिला असता, आणि येवल्याला जायच्या आधी सहकारी बँकेत एक चक्कर मारता आली असती.

काकांची राष्ट्रीयीकृत बँकेतली ती दुसरी ठेव पुढे पिकली. त्या वेळी दोघं मिळून शाखेत गेले. खात्यावर काकूंचं नाव आता चढलं आहे. फॉर्मवर काकांच्या सहीखाली काकूंची सही आहे, सुटी सुटी, शाळेतल्यासारखी अक्षरं, आणि स्वतःच्या कार्डाचा पिन काकूंनी कोणाला एकदाही विचारलेला नाही.